जुनी भांडी मोडीत घालू नका, आणि 'अँटिक' म्हणून विकूही नका



"जुन्या भांड्यांचा बिझनेस कसा सुरू करायचा?" हा प्रश्न गेल्या काही महिन्यांत इतक्या वेळा आला की शेवटी मी त्यावर व्हिडिओच केला. व्हिडिओत खरेदी, फोटो, पॅकिंग, कुरिअर हे सगळं आलं. पण या धंद्याबद्दल माझं स्वतःचं मत काय, हे सांगायला वेळ उरला नाही. ते इथे सविस्तर लिहितेय. काहींना पटणार नाही, हरकत नाही.

मत थोडक्यात असं. जुनं भांडं मोडीत घालणं हा तोटा आहे. ज्याला किंमत माहीत नाही त्याच्याकडून ते मोडीच्या भावात उचलणं ही लबाडी आहे. आणि त्यावर 'अँटिक' असं खोटं लेबल लावणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं आहे.

माझं दुकान भांड्यांचं आहे. मोड घेणं, त्या बदल्यात नवं भांडं देणं हे आमच्या लाइनमध्ये रोजचंच काम. त्यामुळे मी बोलतेय ते काउंटरच्या आतल्या बाजूने.

मोडीत नेमकं काय जातं?

आपल्याकडे तांब्या-पितळेची भांडी घरातून बाहेर पडण्याची पहिली लाट स्टेनलेस स्टीलबरोबर आली. स्टीलला कल्हई लागत नाही, चिंच लावून घासावं लागत नाही, वजनाला हलकं. आपल्या आई-आजीने पितळेचे डबे देऊन स्टीलचे घेतले, यात त्यांची चूक काहीच नव्हती. घरातली सगळी भांडी त्याच घासत होत्या. त्यांच्या हाताला विचारा.

दुसरी लाट आत्ता चालू आहे आणि तिचं कारण वेगळं आहे. वाडे पडतायत, जुन्या सोसायट्या रिडेव्हलपमेंटला जातायत, गावचं घर विकून मुलं शहरात फ्लॅट घेतायत. माळ्यावरचा बंब, घंगाळ, पाण्याचा हंडा, पुरणयंत्र, पितळी सोऱ्या, पानाचा डबा, अडकित्ता, चिनीमातीच्या बरण्या हे सगळं एका रविवारी खाली येतं आणि सोमवारी टेम्पोत चढतं. फ्लॅटमध्ये माळा नाही आणि मुलांना वेळ नाही.

मोड घेणारा काय बघतो? धातू आणि वजन. तांबं वेगळं, पितळ वेगळं, लोखंडी कडी असेल तर ती काढून. घाट, काम, वय, कोणी घडवलं, कोणाचं नाव आहे, याला काट्यावर वजन नसतं. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. तिथल्या कारागिरांनी हाताने मठारलेलं घंगाळ आणि कारखान्यात प्रेस केलेलं पातेलं मोडीच्या काट्यावर अगदी सारखं मोजलं जातं. म्हणजे किलोवर विकताना तुम्ही फक्त धातूचे पैसे घेता आणि कारागिराची मजुरी फुकट देऊन टाकता. भट्टीत गेल्यावर धातू परत मिळतो, ती मजुरी मिळत नाही. आणि तसं काम करणारे हात आता फार थोडे उरलेत.

हे गोळा करणारे वेडे नव्हते

"जुनी भांडी कोण बघतं?" असं म्हणणाऱ्यांना मी दोन ठिकाणं सांगते.

पहिलं पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय. डॉ. दिनकर केळकरांनी साधारण १९२० पासून घरगुती वापराच्या वस्तू जमवायला सुरुवात केली. दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी, दरवाजे, वाद्यं, जे मिळेल ते. ज्या वस्तू त्या काळात लोकांना 'रोजच्याच' वाटत होत्या, त्या त्यांनी निवडल्या. १९६२ मध्ये त्यांनी हा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आज माणसं तिकीट काढून अडकित्ते बघायला रांगेत उभी राहतात.

दुसरं अहमदाबादचं 'विचार' भांडी संग्रहालय. हे बिझनेसवाल्यांनी जरूर बघावं. सुरेंद्र पटेल यांनी आपल्या 'विशाला' या गावरान धाटणीच्या रेस्टॉरंटच्या आवारात ते उभं केलं, १९८१ मध्ये. जेवायला आलेला माणूस भांडी बघतो, भांडी बघायला आलेला जेवून जातो. मोडीत जाणारी वस्तू दुसऱ्या धंद्याची ओळख बनू शकते, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला आपल्या देशात माहीत नाही.

आपल्यापैकी प्रत्येकाने संग्रहालय काढावं असं मी म्हणत नाही. पण खानावळ, होमस्टे, चहाचं दुकान, लग्नाचं डेकोरेशन, फूड फोटोग्राफी यांतलं काही करत असाल, तर घरातला बंब विकण्याआधी एकदा त्याच्याकडे धंद्याच्या नजरेने बघा.

खरेदीचा भाव: इथेच माझं आणि अनेकांचं भांडण आहे

या धंद्याची शिकवणी देणारे बरेच जण सांगतात, "खेड्यात जा, मोडीच्या भावात उचला, शहरात नगावर विका." ऐकायला मस्त. आपण आकडे मांडू. आकडे समजण्यापुरते घेतलेत, भाव रोज बदलतात.

समजा दीड किलोचा पितळी डबा आहे. मोडीचा भाव किलोला ५०० रुपये धरला तर ७५० रुपयांना मिळाला. साफसफाई १५०, पॅकिंग १५०, कुरिअर २००. एकूण १,२५०. विकला २,४०० ला. हातात राहिले १,१५०.

आता तोच डबा तुम्ही समोरच्या काकूंना स्पष्ट सांगून घेतला: "काकू, मोडीत याचे साडेसातशे येतील. मी अकराशे देते, कारण मी हा तसाच विकणार आहे." खर्च झाला १,६००. विकला २,४०० ला. राहिले ८००.

३५० रुपये कमी मिळाले. त्या ३५० रुपयांत तुम्ही काय विकत घेतलं? त्या काकू शेजारच्या चार घरांत तुमचं नाव सांगतात. पुढच्या वेळी बहीण घर आवरायला काढते तेव्हा टेम्पोवाल्याआधी तुम्हाला फोन येतो. या धंद्यात विक्रीपेक्षा माल मिळवणं अवघड असतं. नवीन भांडं होलसेलरला फोन केला की येतं, जुनं भांडं फक्त ओळखीतून येतं. म्हणून ते ३५० रुपये मी खर्चात धरतच नाही, ते मार्केटिंगचं बजेट आहे.

यावर उत्तर येतं, "ताई, माझं नॉलेज हेच माझं भांडवल. मी अभ्यास केला, त्याचा फायदा मी का घेऊ नये?" जरूर घ्या. अभ्यासाचा फायदा विकताना घ्या: नीट माहिती लिहा, चांगला फोटो काढा, योग्य गिऱ्हाईक शोधा. पण समोरची व्यक्ती सत्तरीची आहे, एकटी आहे, घर रिकामं करायची घाई आहे आणि तिला 'मोडीपेक्षा जास्त मिळू शकतं' हेच माहीत नाही, तेव्हा गप्प बसून काट्यावर वजन करणं याला मी धंदा म्हणणार नाही. कायद्याने ते चूक नसेल. पण तिच्या मुलीने उद्या तुमच्या पेजवर तोच डबा आणि त्याची किंमत बघितली, तर तुम्ही तिला काय सांगाल? याचं सरळ उत्तर देता येत असेल तर सौदा बरोबर आहे, नाहीतर नाही.

आणि खरेदीची पावती करा. साध्या वहीत का होईना: तारीख, नाव, वस्तू, वजन, दिलेली रक्कम, सही. जुन्या मालात चोरीचा माल मिसळण्याचा धोका असतो, ही वही तुमचं संरक्षण आहे. जीएसटीसाठीही ती लागते. वापरलेला माल जसाच्या तसा किंवा किरकोळ साफसफाई करून विकणाऱ्यांना मार्जिनवर कर भरण्याची सोय आहे, म्हणजे विक्री आणि खरेदीच्या किमतीतल्या फरकावर. अट अशी की खरेदीवर इनपुट क्रेडिट घेतलेलं नसावं. खरेदीची किंमत दाखवता आली नाही तर ही सोय कागदावरच राहते. तुमच्या सीएंना विचारून घ्या.

'अँटिक' हा शब्द जपून वापरा

सोशल मीडियावर आजकाल २० वर्षांपूर्वीचा टिफिनही 'रेअर अँटिक' असतो. मित्रांनो, आपल्या देशात यावर कायदा आहे: १९७२ चा पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायदा. त्यानुसार साधारणपणे किमान १०० वर्षं जुनी कलावस्तू पुरावशेषात मोडते. अशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत.

आता गंमत बघा. तुमचा डबा ६० वर्षांचा असेल तर 'अँटिक' लिहून तुम्ही गिऱ्हाइकाला खोटं सांगताय. आणि खरंच शंभरी ओलांडलेली वस्तू असेल, तर परवाना नसताना जाहिरात करून स्वतःवर प्रश्न ओढवून घेताय. दुबई किंवा अमेरिकेतल्या मराठी गिऱ्हाइकाला पार्सल पाठवणाऱ्यांनी तर हे पाठच करून ठेवावं. म्हणजे दोन्ही बाजूंनी नुकसान.

'जुनं', 'वापरलेलं', 'अंदाजे १९६० च्या आसपासचं', 'हाताने मठारलेलं' असं लिहा. हे शब्द साधे आहेत आणि खरे आहेत. जाणकार गिऱ्हाईक याच शब्दांवर विश्वास ठेवतं.

वय कसं सांगायचं?

अंदाज करायला आधार लागतो. मी हे बघते:

१. नाव आणि तारीख. आपल्याकडे लग्नात, मुंजीत दिलेल्या भांड्यावर नाव टाकायची पद्धत. कोणाकडून, कोणाला, कधी, सगळं टिंबाटिंबांनी कोरलेलं. कित्येक विक्रेते हे नाव घासून काढतात, "गिऱ्हाइकाला दुसऱ्याचं नाव नको असतं" म्हणून. माझं मत उलट आहे. ते नाव म्हणजे भांड्याचा जन्मदाखला आहे. घासलंत तर वयाचा एकमेव लेखी पुरावा तुम्ही स्वतःच्या हाताने पुसलात. फोटोत पूर्ण नाव दाखवू नका, तेवढं झाका. पण भांड्यावरून काढू नका.

२. मापं. शेर, पावशेर, अच्छेर असं लिहिलेलं माप सापडलं तर ते बहुधा मेट्रिकच्या आधीचं. आपल्याकडे मेट्रिक वजनं १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि १९६२ पर्यंत सक्तीची झाली.

३. देशाचं नाव. कपबशी, काचेचं भांडं, एनॅमलची ताटली उलटी करा. 'चेकोस्लोव्हाकिया' लिहिलं असेल तर ती १९१८ ते १९९२ मधली, कारण तो देश तेवढाच काळ होता. 'ऑक्युपाइड जपान' असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतरची, १९५२ पर्यंतची.

४. सांधा. जुन्या हाताने घडवलेल्या हंड्या-कळशांना बऱ्याचदा आतून दातेरी सांधा दिसतो, दोन पत्रे एकमेकांत अडकवून जोडलेला. प्रेस केलेल्या भांड्याला असा सांधा नसतो.

यातली एकच खूण पुरेशी नाही. दोन-तीन जुळल्या तर लिहा, नाहीतर 'वय सांगता येत नाही' असं सरळ लिहा. जास्त काळं म्हणजे जास्त जुनं हा गैरसमज आहे. नवं पितळ केमिकलने काळं करणं अवघड नाही.

भरतकाम-विणकामाचे नमुने: रद्दीतला माल

भांड्यांबरोबर ट्रंकेतून आणखी एक गोष्ट निघते, ती तर थेट रद्दीतच जाते. भरतकामाचे छाप, क्रोशाच्या रुमालांचे नमुने, विणकामाच्या हाताने लिहिलेल्या वह्या, 'दोन सुलट, एक उलट' अशा भाषेतल्या. बटर पेपरवर काढलेलं डिझाइन, त्यावर सुईने टोचलेली भोकं, आणि त्यातून नीळ व रॉकेल कापडावर फिरवून उमटवलेला छाप. रुखवतातले टेबलक्लॉथ आणि उशांचे अभ्रे असेच तयार झाले.

भांड्याला निदान धातूचा भाव तरी आहे. या कागदाला किलोवर काहीच येत नाही, म्हणून तो सगळ्यात आधी नष्ट होतो. आणि खरं सांगायचं तर माझ्या मते तो जास्त मोलाचा आहे. हंडा एकदाच विकता येतो. नमुना शिकवता येतो, त्याचं किट करता येतं, वर्कशॉप घेता येतं. आपल्या चॅनलवरच्या ज्या मैत्रिणी क्रोशाचा व्यवसाय करतात, त्या परदेशी पॅटर्न डाउनलोड करतात आणि आजीच्या ट्रंकेत काय आहे ते उघडून बघत नाहीत, याचं मला नवल वाटतं.

वय ओळखणं इथे सोपं आहे. छापील पुस्तकावर किंमत आण्यांत असेल तर ते दशमान नाणी येण्याआधीचं, म्हणजे १९५७ च्या अलीकडे-पलीकडेचं. पत्त्यात पिनकोड असेल तर १९७२ नंतरचं, कारण पिनकोड त्या वर्षी १५ ऑगस्टला सुरू झाला.

एक सावधगिरी. जुन्या मासिकाचा अंक विकत घेतलात, म्हणजे त्यातल्या नमुन्याचे हक्क घेतले असं होत नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. जुना अंक आहे तसा विका, खुशाल. पण त्याची पानं स्कॅन करून पीडीएफ ९९ रुपयांना विकणं बंद करा. तुमच्या आजीने स्वतः काढलेला नमुना असेल तर घरच्यांशी बोला, तिच्या नावाने विका. नाव लावल्याने किंमत कमी होत नाही.

वापरायचं की मांडायचं, हे लिहून द्या

तांब्या-पितळेत चिंच, कोकम, ताक, टोमॅटो असं आंबट ठेवलं की धातू अन्नात उतरतो. म्हणूनच कल्हई. नवसागराने भांडं साफ करून त्यावर कथलाचा पातळ थर देतात आणि तो थर वापराने झिजतो. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांत तर नीट कल्हई नसलेली तांब्या-पितळेची भांडी आणि टवके उडून गंजलेली एनॅमलची भांडी, दोन्ही अन्नासाठी अयोग्य धरली होती.

म्हणून प्रत्येक वस्तूबरोबर चिठ्ठी द्या: 'फक्त सजावटीसाठी' किंवा 'कल्हई करून घेतली आहे, अमुक महिन्यात'. कल्हई स्वतः करून घ्या आणि ओळखीच्या, खात्रीच्या कल्हईवाल्याकडूनच घ्या, कारण कथलात शिसं मिसळलेलं असेल तर फायद्यापेक्षा अपाय जास्त. जुन्या रंगीत चिनीमातीच्या ताटल्यांमध्ये शिशाचा धोका असतो, त्या भिंतीवर शोभतात, जेवणात नकोत. शिवाय यामुळे गावातल्या एका कल्हईवाल्याला काम मिळतं. ही साखळी टिकली तरच तुमचा धंदा टिकेल. कल्हईवालाच उरला नाही तर पितळेचं पातेलं कोण घेणार?

संग्रह आणि स्टॉक यात फरक करा

शेवटचा मुद्दा शुद्ध हिशेबाचा. या धंद्यात येणारे बहुतेक जण मुळात हौशी असतात. हौस म्हणजे चांगलीच गोष्ट, पण ती गोदामात शिरली की कॅश फ्लो आटतो. घरात दोन कपाटं करा. एक तुमचं, त्यातलं विकायचं नाही. दुसरं धंद्याचं, त्यातल्या प्रत्येक वस्तूवर खरेदीची तारीख. सहा महिने झाले की किंमत कमी करा, वर्ष झालं की कोणत्याही परिस्थितीत काढा.

तांब्या-पितळेचा फायदा हा की अगदीच नाही विकलं तरी खाली मोडीचा भाव आहे, पैसे पूर्ण बुडत नाहीत. चिनीमाती, काच, एनॅमल यांना असा आधार नाही. फुटलं की शून्य. म्हणून सुरुवातीला भांडवलातला मोठा भाग धातूत ठेवा आणि बरण्या-कपबश्या जिथे विकायच्या त्याच शहरात घ्या, कुरिअरच्या भरवशावर नको.

आणि जे विकणारे नाहीत, नुसतं वाचतायत, त्यांना एवढंच सांगते. घर आवरायला काढाल तेव्हा टेम्पो बोलावण्याआधी एक दिवस द्या. सगळी भांडी अंगणात किंवा हॉलमध्ये मांडा, उलटी करून बघा, नावं वाचा, फोटो काढा. घरात जी वयस्कर व्यक्ती असेल तिला शेजारी बसवून विचारा, हे कोणाचं, ते कुठून आलं. मग ठेवायचं ते ठेवा, विकायचं ते नगावर विका, उरलेलं मोडीत घाला. सगळं जपा असं मी कधीच म्हणणार नाही, घर लहान आहे हे मलाही माहीत आहे. पण काय विकतोय हे माहीत असताना विका.

पुढच्या व्हिडिओत जुन्या भांड्यांची किंमत ठरवायचा एक साधा तक्ता दाखवणार आहे. तोपर्यंत माळ्यावर चढा, आणि काय सापडलं ते मला कळवा.